जिल्ह्याला पाऊस सांगितलाय, मग आटपाडीत बाजरी पेरू का?

"सांगली जिल्ह्याला पाच दिवस पावसाचा अंदाज आहे, आमच्याकडं आटपाडीत अजून जमीन तापलेलीच आहे, बाजरी पेरू का?" असं तुम्ही विचारलंय. वीतभर ओल नसेल तर पेरू नका. अंदाज कुणाचाही असो.

मी म्हसवडजवळचा. 2023 च्या जुलैत मोबाईलवर "सातारा, ऑरेंज अलर्ट" आला. तो इशारा घाटमाथ्याचा आहे, हे मी दादाला दोनदा सांगितलं. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलीमीटर पडतो, आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्हा मात्र एकच. रात्री एक सर आली. सकाळी "नक्षत्र गेलं की वर्ष गेलं" म्हणत दादानं बाजरी पेरायला चाड्यावर मूठ धरली. मी खुरप्यानं उकरून दाखवलं: चार बोटं ओल, खाली फुफाटा. ऐकलं नाही. आठव्या दिवशी पेरलेली ओळ उकरली तर दाणे कोंब फुटून जागीच वाळलेले, चिमटीत धरले की भुगा. पुढचा ऑगस्ट तर देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा निघाला. दुबार पेरायलाही ओल मिळाली नाही. वैरण विकत घेऊन घेऊन शेवटी एक म्हैस बाजाराला नेली. दावं मीच सोडलं, म्हणून विसरत नाही.

हवामान खात्याचा गुरुवारी येणारा पुढच्या आठवड्यांचा अंदाज विभागाचा असतो, तुमच्या शिवाराचा नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, त्यातले पाच दिवसांचे मिलीमीटरचे आकडे बघा. 75 ते 100 मिलीमीटर पडल्याशिवाय बियाण्याची पिशवी फोडू नका. कोयना धरण भरलं की लोक खूश होतात, पण त्यानं कोरडवाहू रानात दाणा उगवत नाही.

टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची पाळी तुमच्या रानापर्यंत येत असेल तर गोष्ट वेगळी. जुलै संपला असेल तर बाजरीचा नाद सोडा, रब्बी ज्वारीला रान राखा.

दादा अजून म्हणतो, त्या साली जूनमध्येच पेरलं असतं तर साधलं असतं. त्या साली मॉन्सून 11 जूनला कोकणात येऊन अडकला, तो हलायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. मग पेरलं असतं कशावर?