‘प्रसाद’ म्हणजे फक्त देवापुढचं गोडधोड का?

नाही, मूळ अर्थात खाणं नाहीच. ‘प्र’ आणि ‘सद्’ यांतून आलेला हा शब्द. ‘प्रसन्न’ त्याचाच भाऊ. गढूळ पाणी निवळून तळ दिसावा, ती निर्मळता म्हणजे प्रसाद. गीतेत (२.६५) प्रसादाने सगळी दुःखं सरतात, ती मनाच्या या निवळण्याने. पुढे देव प्रसन्न होणं म्हणजे कृपा, आणि कृपेची खूण म्हणून तळहातावरचा शिरा. काव्यशास्त्रात सहज उमगणारी रचना ‘प्रसाद’ गुणाची. लिंगायतांच्या अष्टावरणांत, म्हणजे भक्ताला जपणाऱ्या आठ गोष्टींतही, प्रसाद आहे.

मला सर्वांत भावतो तो गोव्या-कोकणातला कौलप्रसाद: मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालायचं आणि श्वास रोखून बघायचं. साधारणपणे उजवी पडली की होकार.

आणि हो, ज्ञानेश्वरांच्या ‘पसायदाना’तला ‘पसाय’ म्हणजे हाच प्रसाद!