बाहेर काढून धुता येतं का, ते आधी बघा

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरात तिघं कॉफीवाली. मुलगा अमेरिकेत असतो. दिवाळीला येताना दाणे दळण्यापासून दुधाच्या फेसापर्यंत सगळं आपणच करणारं भारी मशीन आणतो म्हणतोय. युरा की डेलॉन्गी, यावर अडलंय. महाग तेच चांगलं ना? दूध गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं आणतो.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पहिल्यांदा मुलाला फोन करा आणि मशीन तिकडून आणू नको म्हणावं. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. दीड हजार वॉटचं मशीन चालवायचं तर ट्रान्सफॉर्मरचं धूड ओट्यावर ठेवावं लागेल. इथलंच घ्या आणि 16 अँपिअरच्या पॉवर प्लगवरच लावा.

आता दोघांतलं. खोक्यावर पाण्याचा दाब 15 बार लिहिलेला असतो, त्यावर जाऊ नका, एस्प्रेसोला साधारण 9 पुरतात. खरा फरक ब्रू ग्रुपचा, म्हणजे दळलेली कॉफी दाबून तिच्यातून गरम पाणी काढणारा भाग. युरात तो आतच बसवलेला असतो, सफाईची गोळी टाकली की मशीन स्वतःला धुऊन घेतं. डेलॉन्गीत दार उघडून तो हातानं बाहेर निघतो. मी डेलॉन्गीच घ्या म्हणेन. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट तुम्हाला माहीतच आहे, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं ओल्या कॉफीचं काय! मी दर रविवारी तो नळाखाली धरतो, नुसत्या पाण्यानं, कारण साबणानं वंगण जातं. गावाला जाताना बाहेरच वाळत ठेवतो. आतला चोथ्याचा डबा मात्र रोज रिकामा करायचा, त्यात कंटाळा नको.

तुमच्या दुधाचं जास्त सांगायला हवं. कट्ट्यावरचं दूध तापवा, फ्रिजमध्ये चांगलं गार करा, साय काढून गाळा, मगच मशीनच्या दुधाच्या भांड्यात ओता. माझ्याकडे एकदा सायीचा एवढासा तुकडा नळीत बसला आणि फेस यायचाच थांबला. सगळं सुटं करून कोमट पाण्यात भिजवलं तेव्हा कुठं मोकळी झाली. पण म्हशीच्या दुधाची कॅपुचिनो काय दाट लागते, ताई! पिशवीतल्या दुधाला ती सर नाही.

दाणे चिकमगळूरचे घ्या, मध्यम भाजलेले. काळे तेलकट दाणे भांड्याला चिकटतात, चक्कीत नीट उतरत नाहीत. पावसाळ्यात दोन दिवस पुरतील एवढेच वर भरा, बाकीचे घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि चिकोरीची पूड दाण्यांच्या भांड्यात कुणालाही टाकू देऊ नका, पाहुण्यांनासुद्धा.