पश्चिमेच्या भिंतीवर कौलं टांगून घर थंड होतं का?

तुम्ही विचारलंय की परभणीत नऊ इंची विटांचं घर आहे, पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, तर इंग्लंडातल्या घरांसारखी बाहेरून कौलं टांगावीत का, आणि चारही बाजूंना का.

फरक पडतो. मी अंबाजोगाईला चार वर्षांपूर्वी लावलीत. पण चारही बाजूंचं डोक्यातून काढा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडं सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, स्वतःची सावली पायाखाली जाते. मग दक्षिणेच्या भिंतीवर ऊन येणार कुठून? तिथं ते येतं हिवाळ्यात, तेव्हा ते हवंच असतं. उन्हाळ्यात तापतो तो आधी स्लॅब, मग पश्चिमेची भिंत. स्लॅबला पांढरा थर दिला नसेल तर कौलांचे पैसे आधी तिकडं घाला.

केंट-ससेक्सकडं भिंतीला कौलं टांगायची पद्धत तीनेकशे वर्षांची आहे. तिकडं ती भिंत पावसात भिजू नये म्हणून. आपल्याला त्यातली सावली हवी. कौल तापतं ते भिंतीपासून लांब, आणि मधल्या फटीतली हवा गरम होऊन वर निघून जाते. म्हणजे सगळा खेळ त्या फटीचा. मी आधी एलेव्हेशनच्या टाइल्स सिमेंटनं चिकटवून घेतल्या होत्या. दुसऱ्याच उन्हाळ्यात पोकळ वाजायला लागल्या, एक रात्री धाडकन अंगणात पडली. शिवाय चिकटवल्यावर फट राहतच नाही, भिंत तापायची तेवढी तापतेच.

फॅब्रिकेटरला हे नीट समजावून सांगा, कारण तो सरळ आडवे पाईप भिंतीला ठोकून मोकळा होतो. माझ्याकडं तेच झालं, सगळं परत सोडवावं लागलं. आधी उभे पाईप, त्यावर आडवे, तरच हवा खालून वर जाते. जीआयचे एक इंची चौकोनी पाईप घ्या. लाकडी पट्ट्या स्वस्त वाटतात, पण वाळवीला आमंत्रण. खाली आणि वर तोंड उघडं ठेवून बारीक जाळी मारा, नाहीतर पहिल्याच वर्षी आत गांधीलमाश्यांची वसाहत.

आडव्या पाईपांमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नका. तुमचीच चार कौलं जमिनीवर एकात एक बसवून मोजा, कारखान्यागणिक साचा थोडा बदलतो. मंगलोरी कौल एका चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात. वीस बाय दहा फुटांच्या भिंतीला पावणेतीनशे-तीनशे धरा, फुटतूट वेगळी. वजन पाऊण टनाच्या आसपास. नऊ इंची पक्क्या विटांच्या भिंतीला ते झेपतं, अँकर चांगले हवेत आणि जमेल तिथं कॉलम-बीममध्ये. मातीत रचलेल्या जुन्या दगडी भिंतीला मात्र काहीही टांगू नका. 1993 ला किल्लारीत अशाच भिंती माणसांवर कोसळल्या.

छपरावर कौल स्वतःच्या वजनानं बसून राहतं, भिंतीवर तसं चालत नाही. वळवाच्या वाऱ्यात ते खडखडतं आणि निसटतं. प्रत्येक कौलाला स्क्रू हवाच, स्टेनलेसचा, रबरी वायसरसकट. भोक वरच्या टोकाला पाडा, म्हणजे वरच्या ओळीखाली झाकलं जातं. ड्रिलचं हॅमर बंद ठेवून, पाणी टाकत, हळूहळू. पहिली दहा-बारा फुटतील, मग हात बसतो.

जुनी कौलं चालतात. कौलारू इमारतींवर स्लॅब पडला की ती निघतात. बोटानं टिचकी मारून बघा, खणखण वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर आत तडा आहे. वानरांमुळं आमच्या गल्लीत छपराची कौलं कुणी ठेवली नाहीत, पण भिंतीवरच्या कौलांवर त्यांना बसायला जागाच नाही. गारपीटही उभ्या कौलांना चाटून जाते.

काळ्या मातीमुळं भिंतीला तडे असतील तर ते आधी भरून, प्लास्टर पक्कं करून घ्या, कारण नंतर ते दिसणार नाहीत. जमिनीपासून चार फूट कौल लावू नका. सायकलचं हँडल, पोरांचा चेंडू, दावणीची म्हैस, काहीतरी लागतंच. मी तिथं नुसता चुना मारलाय. आणि त्याच लॉटमधली वीसेक कौलं गच्चीवर रचून ठेवलीत, नंतर तोच साचा मिळत नाही.