उत्तर : भारतातली पॉलिसी, मॅच्युरिटीचे पैसे आणि कॅलिफोर्नियाचा टॅक्स

२००४ ची एन्डोव्हमेंट (मुदत संपली की ठरलेली रक्कम हातात देणारी विमा पॉलिसी), वर्षाला २० हजार हप्ता, २० वर्षांनी हातात साडेसात लाख, त्यावर अमेरिकेत कर लागतो का हा तुमचा प्रश्न, आणि सॅन होजेतला टॅक्सवाला म्हणतो, "भारतात माफ, म्हणजे इथेही माफ." तुमची पोस्ट वाचताना वाटलं, आमचीच फाइल कुणीतरी उघडली!

माफ नाही हो. विम्याचे पैसे करमुक्त करणारं भारतीय आयकर कायद्याचं कलम १० (१०डी) भारतापुरतं. भरलेल्या हप्त्यांवर जे जास्तीचं मिळतं ते अमेरिकेत उत्पन्न, आणि फेडरल (केंद्राच्या) रिटर्नमधून ते सरळ कॅलिफोर्नियाच्या फॉर्म ५४० वर, म्हणजे राज्याच्या रिटर्नवर, उतरतं. दुहेरी कर टाळण्याचा भारत-अमेरिका करार राज्यावर बंधनकारक नाही. भारतात कर कापला असता तरी कॅलिफोर्नियाने त्याचं क्रेडिट दिलं नसतं. (टेक्सासवाल्यांनी हसून घ्यावं, त्यांना राज्याचा आयकरच नाही.)

पण खरी गोम डॉलरच्या भावात आहे. साडेसात लाखांतून ४ लाख वजा करून उरलेल्या साडेतीन लाखांना मॅच्युरिटीच्या वेळच्या (२०२४) ८४ ने भागलं की नफा दिसतो साधारण ४,१७० डॉलर. तसं करायचं नसतं. प्रत्येक हप्ता तो भरला त्या दिवसाच्या भावाने धरायचा. २००५ मध्ये डॉलर ४४-४५ ला होता, म्हणजे तेव्हाचे २० हजार आजच्यापेक्षा कितीतरी जास्त डॉलर. असा हिशेब केला की नफा १,८०० च्या आसपास येतो. निम्म्याहून कमी!

त्यासाठी हप्त्यांच्या तारखा लागतात, आणि तिथेच आमचं घोडं अडलं. विमा कंपनीच्या ज्या शाखेत पॉलिसी होती तिथे मागावं तेव्हा फक्त गेल्या आर्थिक वर्षाचा दाखला. "८० सी ला (हप्त्यांवरच्या भारतातल्या करसवलतीला) एवढाच चालतो." अहो, ८० सी कोण मागतंय? जुनी नोंद दुसरीकडे आहे, साहेब जेवायला गेलेत, अर्ज द्या, अर्जाची पोच मात्र नाही. तोवर इथली रिटर्नची मुदत जवळ आली, टॅक्सवाल्याने सगळ्याला मॅच्युरिटीच्या वेळचाच डॉलरचा दर लावून आकडा ठोकला आणि आम्ही जास्तीचा कर भरून मोकळे. पुढे माझ्या भावाने भारतातल्या घरच्या बँकेची जुनी पासबुकं काढली, त्यावरून तारखा जुळवल्या आणि सुधारित रिटर्न भरलं. तेव्हा शाखेच्या नादी लागू नका, आधी पासबुकं शोधा. माझं मत कडवट आहे, मान्य.

मी सीए नाही. तुमची पॉलिसी अमेरिकेच्या आयुर्विम्याच्या व्याख्येत बसत नसेल तर दरवर्षीची वाढही करपात्र ठरू शकते. ते परदेशी विम्याची माहिती असलेल्यालाच विचारा. आणि सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारी रक्कम) धरून भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली असतील तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देण्याचा फॉर्म, भरावा लागतो. एनआरई खात्याचं (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या रुपया खात्याचं) व्याजही पॉलिसीसारखंच, तिकडे माफ, इकडे फेडरल आणि राज्य दोन्हीकडे लागतं. हे सांगितलं की लोक माझ्यावरच चिडतात.

खाली प्रतिक्रियांत कुणी वारसाला मिळणाऱ्या पैशांबद्दल विचारलंय : मृत्यूनंतर मिळालेली विमा रक्कम सहसा दोन्हीकडे करमुक्त. मात्र कंपनीने उशिराबद्दल व्याज दिलं असेल तर तेवढं व्याज दाखवा.