जुन्या फॉन्टमधून आलेला मराठी मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशनने कसा साफ करावा?

जुन्या डीटीपी फॉन्टमधलं पुस्तक तुम्ही युनिकोडमध्ये आणलंत, आणि ‘दोन’ शोधलं तर समोर दिसणारे निम्मे ‘दोन’ सापडत नाहीत. कारण तिथे ‘द’नंतर काना आणि मात्रा अशी दोन सुटी चिन्हं पडली आहेत, ओकाराचं खरं चिन्ह एकच असतं. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे मुद्रितशोधनातही ते निसटतं.

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे काय शोधायचं याचा नमुना सांगणारं सूत्र. असे नियम थोडेच लागतात, पण क्रम सांभाळा. नोटपॅड++ या मजकूर-संपादकात मी आधी `([ंँः])([ा-ौ]+)` च्या जागी `$2$1` घालतो, म्हणजे दोन कंसांत सापडलेल्या चिन्हांची अदलाबदल करतो. ‘संागली’तला अनुस्वार कान्यानंतर जातो. (कंसातल्या सुट्या कान्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसेल, ते चालायचंच.) मग ‘खूूप’सारख्या दुहेरी चिन्हांसाठी `([ा-ौंः्])\1+` च्या जागी `$1`. त्यानंतर `ाे` चा `ो`, `ाै` चा `ौ`, `ाॅ` चा `ॉ`. आणि सगळ्यात शेवटी `अा` चा `आ`, `अो` चा `ओ`, `अौ` चा `औ`. हे शेवटचं आधी केलंत तर ‘अाेळख’चं ‘आेळख’ होतं आणि पुढच्या एकाही नियमाने ‘ओळख’ होत नाही.

अदृश्य चिन्हं सरसकट उडवा, असा सल्ला हमखास मिळतो. मराठीत तो महागात पडतो. जुन्या मजकुरात ‘ऱ्य’ बरेचदा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (जोडणीसाठीचं अदृश्य चिन्ह) असा असतो. जॉइनर उडाला की रफार होतो, आणि स्वयंपाकाला आचाऱ्यांऐवजी आचार्य येतात! म्हणून आधी त्या त्रिकुटाच्या जागी `ऱ्` घाला, मग बाकीचं झाडा.

`\s[ा-ौ]`, म्हणजे मोकळ्या जागेनंतर आलेलं सुटं स्वरचिन्ह, मात्र फक्त शोधा, बदलू नका. ‘क ाम’मध्ये जागा जास्तीची आहे हे कळतं, नुसतं ‘ाम’ उरलं असेल तर ते काम, नाम की राम, हे मूळ पान बघूनच ठरवावं लागतं. विसर्गाच्या जागी टंकलेल्या अपूर्णविरामाचंही तेच. ‘दु:ख’, ‘नि:शब्द’ अशी यादी करून बदला, नाहीतर ‘१०:३०’मध्येही विसर्ग घुसेल.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणार असाल तर शब्दाक्षराची तयार खूण, म्हणजे बॅकस्लॅश डब्ल्यू, टाळा. अंगभूत ‘रे’ मॉड्यूलमध्ये ती काना-वेलांटी धरत नाही. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. त्याऐवजी `[ऀ-ॿ]` चालतं, फक्त त्यात दंड आणि देवनागरी अंकही येतात.