अर्धी गाडी वहिनींची

गोव्यात बार्देशातल्या एका ६४ वर्षांच्या निवृत्त वाचकाने लिहिलं आहे: ‘माझी १९७९ची प्रीमियर पद्मिनी मी १९८५ साली जुनीच घेतली, तेव्हा मी २४ वर्षांचा. २०१४पासून ती शेडमध्ये उभी आहे. म्हापशाच्या गॅरेजवाल्याने सगळं नव्यासारखं करायला साडेतीन लाख सांगितले. बायको म्हणते, भंगारात द्या, निदान पावसात कपडे वाळत घालायला जागा होईल. गाडी लग्नाच्या तीन वर्षं आधीची, माझ्या पगाराची. तिला न सांगता एफडी मोडून गाडी गॅरेजात लावली तर बिघडलं कुठे? जुन्या गाड्यांना मिळतो तो व्हिंटेज नंबरही घ्यावा म्हणतो.’

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र लांबलचक आहे, आणि खरं सांगते, आवडलं. १९८६च्या जुलैत मांडवीचा पूल पडला, त्यानंतर बेतीच्या फेरीबोटीच्या रांगेत बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी पाजत उभे असलेले तुम्ही मला दिसलात. म्हापशाच्या बाजारातून गणपतीच्या माटोळीचं सामान आणताना डिकीत न मावलेला केळ्यांचा घड वडिलांनी घरापर्यंत मांडीवर धरला, तेही दिसलं. अशी गाडी भंगारात देऊ नका. करायला घ्या.

पण चोरून नको.

एक तर ‘गाडी माझी’ हे तुमचं म्हणणं गोव्यात टिकत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, लग्नाआधीची कमाईसुद्धा. म्हणजे अर्धी पद्मिनी वहिनींची आहे. एफडीही अर्धी त्यांची. त्यांनी उद्या आपली अर्धी बाजू भंगारवाल्याला दिली तर कुठली देतील, पुढची की मागची?

दुसरं, पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही ओझरतं लिहून गेलात: ‘१९९१ साली तिला गाडी शिकायची होती, पण स्टीअरिंगजवळचा हँडगिअर बायकांना झेपत नाही म्हणून मी दिली नाही.’ भाऊ, हे वाक्य लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही? याच वहिनी गेली वीस वर्षं स्कूटरवरून पावसापाण्यात म्हापशाला जाऊन येतात, असं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलं आहे. ज्या गाडीत आपल्याला आयुष्यभर डाव्या बाजूलाच बसवलं, तिच्यासाठी साडेतीन लाख काढायला कोण हौसेने तयार होईल? कपडे वाळत घालायची जागा हे मला तरी निमित्त वाटतं.

तेव्हा आधी त्यांच्याशी बोला. एफडीची पावती समोर ठेवून बोला, आणि १९९१चा विषय तुम्हीच काढा. त्या चिडल्या तर चिडू द्या, चौतीस वर्षांची थकबाकी आहे.

आता गाडीचं. साडेतीन लाखांच्या अंदाजाला लगेच मान डोलवू नका. माझ्या भावाने आपल्या फियाटला एका गॅरेजात आधी रंग मारून घेतला. काय चकाकत होती! पहिल्या पावसाळ्यात दाराखालची पुट्टी पोपड्यासारखी सुटली आणि आत बोट गेलं. तुमच्या गाडीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बॉडी हीच चासी. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात ती खालून सडते. म्हणून मॅट काढा, फ्लोअर आणि दाराखालची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत आणि टोकाने टोचत जा. टणटण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं किंवा टोक आत गेलं तर तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागणार. जॅक लावल्यावर दाराची फट कमी-जास्त होत असेल तर बॉडी खचली आहे. खरा खर्च तिथे आहे. तो कळेपर्यंत रंगाची गोष्ट काढायची नाही.

इंजिनला उत्साहाने सेल्फ मारू नका. अकरा वर्षांत पिस्टन चिकटले असतील. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग हाताने फिरवून पाहा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, टाकी आतून धुवा. पेट्रोलचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचं किट नवंच घाला, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. आणि गाडी धावायच्या आधी थांबायला हवी, म्हणून ब्रेकची रबरं आणि सिलिंडर पहिल्या यादीत. पत्र्याचं काम चवथीनंतर काढा, रंग पाऊस सरून हवा कोरडी झाल्यावर.

व्हिंटेजचा हट्ट सोडा. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. तुमची २०२९च्या आधी बसत नाही. शिवाय त्या नंबरवर रोजचं फिरणं बंद: प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. मंगेशीला जायला गाडी हवी ना तुम्हाला? मग साधी नोंदणीच चालू करा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. तुमची किती वर्षं वाढवायची राहून गेली ते आरसी बुकात बघा आणि दंडासाठी वेगळे पैसे ठेवा.

इंजिन बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून, नवे पिस्टन घातले, तर पहिले हजारेक किलोमीटर ते दामटायचं नसतं. चाळीस-पन्नासच्या वेगाने, सांभाळून. शिकणाऱ्याला याहून बरं काय हवं? पण त्याची वाट बघत बसू नका. आज संध्याकाळी शेडमधला पसारा बाजूला करा, उजवीकडचं दार उघडून वहिनींना बसवा, आणि इंजिन बंद असतानाच पहिला गिअर कुठे पडतो आणि रिव्हर्स कुठे, ते दाखवा.