आफ्रिकेच्या ताटावर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळची बहुतेक पत्रे पूर्व आफ्रिकेबद्दल होती, म्हणून उत्तरेही तेवढ्यापुरतीच ठेवली आहेत.

आम्ही चौघे जाणार आहोत. दोघे पक्के शाकाहारी, अंडेही खात नाहीत. केनिया आणि इथिओपिया यांतला एकच देश होणार आहे. जेवणाची आबाळ कुठे कमी होईल? (राजारामपुरी)

नुसता जेवणाचा विचार केला तर इथिओपिया. तिथला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाज दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतो, ईस्टरच्या आधी तर सलग ५५ दिवस. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे. मांस, अंडी, दूध, लोणी, तूप बंद. डाळी, भाज्या, तेल चालते. त्यामुळे शाकाहारी स्वयंपाक तिथल्या साध्या खाणावळीलाही सवयीचा आहे.

‘ये-त्सोम बेयायनेतू’ मागवा. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली मोठी इंजेरा (घावनासारखी जाळीदार, आंबट पोळी) येईल आणि तिच्यावर मिसिर वोत (मसुरीची तिखट आमटी), किक अलिचा (वाटाण्याच्या डाळीचे हळद घातलेले वरण), गोमेन (पालेभाजी), शिरो (डाळीच्या पिठाचे तिखट पिठले), बीट आणि बटाटा. चमचा मिळत नाही. उजव्या हाताने इंजेराचा तुकडा तोडायचा आणि त्यातच भाजी उचलायची. तळाची इंजेरा रस पिऊन मऊ होते, ती शेवटी खातात. आंबटपणा पहिल्या दिवशी अंगावर येतो. यजमानाने स्वतःच्या हाताने घास भरवला तर तो मान समजून घ्यावा, नाकारू नये.

फसगत कुठे होते तेही ध्यानात ठेवा. बरेच जण उपासाला मासा चालवून घेतात, म्हणून मासा नको हे वेगळे सांगावे लागते. साधा शिरो शाकाहारी असतो, पण ‘बोझेना शिरो’त गोमांस असते आणि ‘क्वांता फिरफिर’मध्ये वाळवलेले मांस. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर कोंबडी पुढ्यात येऊ शकते, तेव्हा नको ते एकेक नाव घेऊन सांगा. ईस्टरनंतरचे ५० दिवस बुधवार-शुक्रवारचा उपास नसतो. त्या काळात अशी ताटे कमी दिसतात. तारखा ठरवताना हे पाहा.

घड्याळाचाही घोळ होतो. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. विमानाच्या तिकिटावर आपल्या ओळखीची वेळ असते, पण बसवाल्याने किंवा वाटाड्याने सांगितलेली वेळ कोणत्या हिशेबाची, हे विचारून घ्या.

केनियातही उपाशी राहणार नाही. सुकुमा विकी ही पालेभाजी, मका आणि घेवड्याची गिथेरी, चपाती सगळीकडे मिळते, आणि नैरोबी-मोंबासात भारतीय खाणावळी आहेत. फक्त भाजीत मटणाच्या चवीचा तयार मसाला टाकलाय का, ते विचारावे. इथिओपियाच्या काही भागांत मात्र अलीकडे संघर्ष झालेला आहे. खडकात कोरलेल्या चर्चच्या लालिबेलासारख्या ठिकाणचे आरक्षण करण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा.

बरोबर शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि लाडू न्यायचे आहेत. चालेल का? (गडहिंग्लज)

खाण्यापेक्षा पिशव्यांकडे आधी बघा. केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून आणि टांझानियात २०१९ च्या जूनपासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती प्रवाशांनाही लागू आहे. दुकानातून आणलेल्या पातळ पिशव्यांत चटण्या बांधून नेऊ नका. स्टीलचे किंवा घट्ट झाकणाचे डबे घ्या, कपड्यांसाठी कापडी पिशव्या. कारखान्यातून सीलबंद आलेल्या पाकिटांची अडचण नसते. ताजी फळे, भाज्या, दही घेऊ नका. धपाटे प्रवासात वास धरतात, लाडू टिकतात. आमच्या मते चार दिवसांचे पुरेल एवढेच न्यावे. डबाच उघडत बसलात तर तिथले खाणार कधी?

आम्ही तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची माणसे. केनियात मटण कसे मागवायचे? (इचलकरंजी)

‘न्यामा चोमा’ म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले मांस. ‘म्बुझी’ म्हटले की बकऱ्याचे. ते प्लेटवर नाही, किलोवर मिळते. बऱ्याच ठिकाणी खाटकाच्या काउंटरवर तुकडा निवडून, वजन करून घेता येते. चौघांना दीड किलो हाडासकट पुरते. भाजायला पाऊण ते एक तास लागतो, तेव्हा भूक लागायच्या आधी मागणी द्या. लाकडी पाटावर तुकडे करून येते, सोबत उगाली (पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), कच्चुंबरी आणि मीठ. रस्सा नसतो, मसाला जवळपास नसतोच. मांस थोडे चिवट लागते. लिंबू आणि ‘पिली पिली’ म्हणजे मिरची मागून घ्या.

पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते का? (कागल)

केनिया, युगांडा किंवा इथिओपियाहून परतताना भारतातच प्रमाणपत्र मागतात. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होते, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. पुण्या-मुंबईत अशी केंद्रे आहेत. वार आणि वेळ आधी विचारूनच निघा, पासपोर्ट बरोबर ठेवा. जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, जुन्या पुस्तिकेवर १० वर्षे लिहिलेले असले तरीही. वय ६० च्या वर असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

शिरो घरी करायचा आहे. बेरबेरे या तिथल्या तिखट मसाल्याऐवजी कांदा-लसूण मसाला चालेल का? (मंगळवार पेठ)

नाही. आपल्या मसाल्यात खोबरे आणि तीळ असतात, त्याने शिरोची आमटी होऊन बसते. त्यापेक्षा ३ चमचे कमी तिखट लाल मिरचीपूड, पाव चमचा भाजलेल्या मेथीची पूड, पाव चमचा ओव्याची पूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा मोठ्या वेलदोड्याची पूड आणि दोन लवंगा कुटून घ्या. चव हुबेहूब नाही, पण त्या अंगाने जाते.

पाव किलो कांदा अगदी बारीक चिरा आणि तेल न घालता जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर १५ ते २० मिनिटे परता; लागायला लागला की चमचाभर पाणी. घाई केली तर कांदा करपतो आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. मग ४ मोठे चमचे तेल आणि २ चमचे मसाला घालून ५ मिनिटे, लसूण घालून आणखी ५. आता ३ कप पाणी. उकळी आली की आच कमी करून १ कप खमंग भाजलेले बेसन एका हाताने भुरभुरवत दुसऱ्या हाताने रवीने घुसळत राहा. बेसन एकदम ओतले की गुठळ्या होतातच. मीठ घालून २० मिनिटे रटरटू द्या. कडेला तेल सुटले की शिरो झाला. त्याआधी उतरवला तर कच्च्या बेसनाचा वास राहतो. टेफ न मिळाल्यास नाचणीच्या आंबवलेल्या घावनाबरोबर खा.